मोहाच्या फुलावरचे कुलूप

फाल्गुन सरत आला की सातपुड्याच्या उतारावरील मोहाची झाडे पानांवाचून उघडी पडतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस धरू लागतात. पिवळसर पांढऱ्या रंगाचे, द्राक्षाएवढे मांसल असे हे फूल रात्री उमलते आणि पहाटे आपसूक गळते. ते तोडावे लागत नाही, वेचावे लागते. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या तालुक्यांतील पाड्यांवर या दिवसांत दिवस उजाडण्यापूर्वीच बायका व मुले टोपल्या घेऊन झाडाखाली पोचलेली असतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून वा जाळून जमीन मोकळी केलेली असते. दोन-तीन आठवड्यांचा हा हंगाम. एवढ्यात जे वेचले जाईल ते वर्षाला पुरवायचे. वासाचे म्हणाल तर तो इतका दाट असतो की, नवख्या माणसाला प्रथम गोड वाटतो आणि थोड्या वेळाने उग्र.

हे फूल म्हणजे दारू, असे समीकरण शहरी वाचकाच्या मनात पक्के बसलेले आहे. नंदुरबारचे नाव काढले की, आमच्या धर्मग्रामांतील भली माणसेसुद्धा ‘तिकडे फार पितात हो’ असे सहजपणे म्हणून जातात. ते खोटे आहे असे आम्हांला म्हणावयाचे नाही. परंतु या पिण्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात पिणाऱ्याइतकाच कायदाही गुंतलेला आहे. तो इतिहास थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोह हे आधी अन्न आहे, मग पेय. वाळलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. भिल्ल आणि पावरा कुटुंबांत ही फुले भाजून, कुटून, ज्वारीबरोबर शिजवून खाल्ली जात. ज्या वर्षी पाऊस दगा देई त्या वर्षी तर तीच पोटाला आधार देत. झाडाच्या बियांचे तेल दिव्याला आणि स्वयंपाकाला चाले. गुराढोरांनाही फुले घालत. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेशच्या गॅझेटियरमध्येही ही फुले भिल्लांच्या खाण्यात असल्याची नोंद आहे. म्हणजे पुढे ज्यांनी या फुलावर कायदा केला, त्यांना हे ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

उरलेल्या फुलांची दारू गाळली जाई. फुले पाण्यात भिजत घालावयाची, काही दिवसांत ती आंबली की मडके चुलीवर चढवावयाचे, वाफ बांबूच्या वा धातूच्या नळीतून गार पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवावयाची. आज आपण ‘पहिल्या धारेची’ हा शब्द विनोदाने वापरतो. तो याच चुलीवरून भाषेत आला. पहिली धार कडक, पुढची सौम्य. हे काम बहुतांशी घरातल्या बायकांचे. कोणत्या झाडाचे फूल चांगले, किती दिवस आंबवावे, जाळ कधी मंद करावा, हे सासूकडून सुनेकडे येणारे ज्ञान होते. पेरणी, सण, सोयरीक, देजाची बोलणी, मृताचे दिवस, यांपैकी कोणताही प्रसंग मोहाच्या धारेवाचून पुरा होत नसे. प्यालाभर दारू आधी जमिनीवर देवाला आणि पूर्वजांना वाहावयाची, मग माणसांनी घ्यावयाची, हा क्रम होता. काठी येथील प्रसिद्ध राजवाडी होळी ज्या दिवसांत पेटते, त्याच दिवसांत मोह फुलू लागतो. हे दिवस मुद्दाम जुळवून आणावे लागत नाहीत. निसर्गानेच ते तसे मांडले आहेत.

येथे एक तुलना सुचते. ती दूरची असली तरी आमच्या विषयाला उपयोगी आहे. युरोपातील बीअर जवापासून होते, परंतु तिची चव आणि टिकाऊपणा येतो तो ‘हॉप’ नावाच्या वेलीच्या फुलामुळे. या फुलाच्या कडवटपणामुळे पेय नासत नाही, असे बाराव्या शतकात संत हिल्डेगार्ड हिने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात नोंदवून ठेवले. पण हॉपचा सर्वत्र प्रसार होण्याआधी तिकडे निरनिराळ्या रानवनस्पतींचे ‘ग्रूट’ नावाचे मिश्रण वापरीत, आणि ते विकण्याचा हक्क काही मोजक्या लोकांच्याच हाती असे. ऱ्हाईनच्या काठी आणि नेदरलँड्सच्या मुलखात हा हक्क राजे-उमरावांकडे होता, तसा काही बिशपांकडेही होता. हे आम्ही धर्मगुरूंनी लपवण्याचे कारण नाही. घरोघरच्या पिंपांवर पाळत ठेवणे कठीण. त्यापेक्षा ज्या वनस्पतीवाचून पेय होत नाही तीच ताब्यात ठेवली की कर आपोआप गोळा होतो, ही त्यातील युक्ती. हॉपची बीअर लोकप्रिय होऊ लागली तेव्हा तिला विरोध झाला, तो काही केवळ चवीमुळे नव्हता. पुढे १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकांनी बीअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असा हुकूमच काढला. पेयावर सत्ता चालवावयाची तर त्याच्या फुलावर सत्ता चालवावी, हा धडा मुंबई सरकारने युरोपकडून घेतला की स्वतःच शोधला हे सांगण्याची गरज नाही. मात्र तो त्याने पुरेपूर अमलात आणला.

१८१८ साली खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. त्यानंतर बरीच वर्षे दारूच्या बाबतीत जुनीच पद्धत चालू राहिली. एखाद्या मक्तेदाराने ठराविक रक्कम भरावी आणि गावोगावच्या भट्ट्या चालवाव्यात. घरच्या चुलीकडे कोणी फारसे पाहत नसे. हे चित्र बदलले १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली जी व्यवस्था बसवली गेली, तिचे सूत्र सरळ होते. गावोगावच्या भट्ट्या बंद करावयाच्या, दारू मोठ्या मध्यवर्ती कारखान्यांत गाळावयाची, तिच्यावर थेंबाथेंबाने जकात घ्यावयाची आणि ती परवाना असलेल्या दुकानांतूनच विकावयाची. घरी गाळणे त्या दिवसापासून गुन्हा ठरले. ताडीच्या झाडांवरही कर वाढले; वसई-साष्टीच्या जुन्या कुटुंबांना आपल्या पूर्वजांच्या तोंडून आलेली ती तक्रार आठवत असेल. ताडी तेथे नुसती पिण्याची नव्हती, पीठ आंबवण्याचीही होती.

मुंबई शहराला आणि कोकणाला दारू पुरवणारे मोठे कारखाने रायगड जिल्ह्यातील उरण येथे होते. तेथे गाळली जाणारी दारू मोहाचीच. फुले येत ती मुख्यतः गुजरातेतील पंचमहालातून, आगगाडीने, पोत्यांनी भरून. म्हणजे मोहाच्या दारूला सरकारचा विरोध कधीच नव्हता. आदिवासी बाईच्या मडक्यातला मोह गुन्हा, आणि उरणच्या कारखान्यातला मोह महसूल, एवढाच काय तो भेद.

परंतु घरच्या चुली विझल्या नाहीत. ज्याच्या शेताच्या बांधावर मोह उभा आहे, त्याने दोन कोस चालून जाऊन दुकानातली पाणी घातलेली दारू रोख पैशाने का घ्यावी? तेव्हा सरकारने १८९२ साली खास मोहासाठी कायदा केला. इंग्रजी कागदपत्रांत या फुलाला ‘म्हौरा’ म्हणत, म्हणून तो ‘म्हौरा कायदा’. ज्या जिल्ह्यांत तो लागू केला जाई, तेथे मोहाची फुले बाळगणे, नेणे, विकणे यांवर बंधने आली. दारूवर नव्हे, फुलावर. जगातील पुष्कळ सरकारांनी दारूवर कर बसवले आहेत. पण झाडाखाली आपसूक पडलेले फूल उचलून घरात ठेवणाऱ्याला जाब विचारणारा कायदा विरळाच. या एका कायद्याने जे फूल धुळीसारखे फुकट होते ते दुर्मीळ झाले आणि जे दुर्मीळ झाले ते महाग झाले. फुलाचे झाड तेच, वास तोच. बदलली ती फक्त त्याची किंमत.

डोंगराळ मुलखात असा कायदा राबवणे सोपे नव्हते. आजच्या नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेला तेव्हा बडोदे, राजपिपळा, बडवानी अशी संस्थाने भिडलेली होती. ओढा ओलांडला की राज्य बदले. पोलिसांना डोंगर चढण्याची हौस नसे, आणि चढलेच तर त्यांना काहीतरी देऊन परत पाठवावे लागे. हे ‘काहीतरी’ कोंबडी असे, पैसे असत, कधी दारूच असे. गुन्हा नसलेल्या गोष्टीचा गुन्हा झाला की त्याची पहिली कमाई शिपायाला होते, हे आपल्या देशात कोणाला सांगावयास नको.

खरा फटका बसला तो सपाटीवरच्या गावांना. तेथे दुकानावाचून गत्यंतर राहिले नाही. दक्षिण गुजरात आणि त्याला लागून असलेल्या पट्ट्यात ही दुकाने प्रामुख्याने पारशी मक्तेदारांकडे होती. घरची दारू सणाला गाळली जाई, संपली की संपली. दुकानातली दारू रोज असे आणि उधार मिळे. उधारीवर व्याज चढे, व्याजापोटी धान्य जाई, शेवटी जमीन जाई. आदिवासींची जमीन गेली ती दारूपायी, असे म्हणणाऱ्यांनी ती कोणत्या दारूपायी गेली हेही विचारावयास हवे.

आमच्या मते या इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग येथून पुढे सुरू होतो, कारण येथून पुढे लोकांनी स्वतः काय केले हे दिसते.

१९२२ च्या अखेरीस दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात एक विलक्षण लाट उठली. सलाबाई नावाची देवी माणसांच्या अंगात येते आणि आज्ञा देते, असे लोक सांगू लागले. पालघरच्या किनाऱ्याकडून निघालेली ही देवी गावागावांतून पूर्वेकडे सरकत गेली आणि खानदेशच्या सीमेवरील गावांपर्यंत तिचा प्रभाव पोचला. तिच्या आज्ञा अशा की, दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, घर स्वच्छ ठेवा, आणि दारूच्या दुकानदाराकडे कामाला जाऊ नका. शेवटची आज्ञा ध्यानात घेण्याजोगी आहे. हजारो माणसांनी एका हंगामात पिणे थांबवले. काहींनी पुढे पुन्हा सुरू केले; सोडणारे ‘वर्जेला’ आणि परत वळलेले ‘सरजेला’ असे दोन तट पडले. इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी या चळवळीवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे आणि तिला केवळ अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारण्यास नकार दिला आहे. तो नकार आम्हांला पटतो. अंगात येण्यावर आमचा विश्वास नाही. पण ज्याला कोणी विचारीत नाही अशा माणसाला ‘मी आजपासून तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही’ असे म्हणण्याचे बळ ज्यातून आले, त्याची टर उडवणे सोपे नाही.

पंधरा वर्षांनी तळोदा तालुक्यातच याहून मोठी घटना घडली. मोरवड येथील गुला महाराज हे भिल्ल समाजातील एक साधे गृहस्थ. १९३७-३८ मध्ये त्यांच्या आरतीला लोक जमू लागले. प्रारंभी जवळपासचे, मग दूरदूरचे, सातपुडा उतरून आणि तापी ओलांडून आलेले, हजारोंच्या संख्येने. दर सोमवारी आरती. उपदेश साधा होता. दारू पिऊ नका, चोरी करू नका, अंघोळ करा, भांडू नका. आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा. ज्या समाजाला सावकारापासून शिपायापर्यंत प्रत्येक जण ‘अरे’, ‘तुरे’ करीत असे, त्या समाजाने आपापसांत ‘आप’ म्हणावयास आरंभ केला, आणि त्यावरूनच या पंथाला ‘आप’ हे नाव पडले. एकाच सर्वनामात एवढी मोठी सुधारणा मराठी मुलखात दुसरी कोणी केली असेल तर ती आमच्या वाचनात नाही.

दुकानांवरचे गिऱ्हाईक तुटले. येथे गंमत अशी की, १९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले होते आणि दारूबंदी हे त्याचे धोरणच होते. तरीही एवढे मोठे जमाव एका भिल्ल माणसाभोवती गोळा होतात, हे पाहून अधिकारी, सावकार आणि मोठे जमीनदार अस्वस्थ झाले. १९३८ साली गुला महाराज निवर्तले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्य पुढे चालवले आणि सरकारने त्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले. लोकांनी दारू सोडावी असे सांगणारे सरकार, आणि लोकांना दारू सोडावयास लावणाऱ्या माणसाला हद्दपार करणारे सरकार. दोहोंमध्ये फार वर्षांचे अंतर नव्हते.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. या कायद्याने दारू बंद केली आणि मोहाच्या फुलांवरील बंधनेही पुढे चालू ठेवली. १९५० मध्ये त्यांसाठी स्वतंत्र नियमही झाले. राज्य बदलले, झेंडा बदलला, फुलावरचे कुलूप तसेच राहिले. परिणाम काय झाला? फूल साठवणे धोक्याचे झाले तेव्हा गाळणाऱ्यांनी फूलच सोडले. काळा गूळ आणि नवसागर यांची हातभट्टी आली. ती वर्षभर निघते, दोन दिवसांत निघते, झाडावर वा ऋतूवर अवलंबून नसते. तिच्यात ना फुलाचा वास, ना देवाला वाहण्याची धार. सासूकडून सुनेकडे येणारे ज्ञान येथे निरुपयोगी ठरले, आणि गाळणे हा घरचा विधी न राहता चोरटा धंदा झाला.

येथे आम्ही घरच्या मोहाचे गोडवे गात आहोत असा कोणाचा ग्रह होऊ नये. या डोंगरात राहणारा कोणताही धर्मगुरू ते करू शकणार नाही. संध्याकाळी कोणाच्या घरातून आरडाओरडा येतो आणि सकाळी कोणती बाई तोंड लपवून पाण्याला जाते, हे आम्ही पाहिलेले आहे. याचा निवाडाही येथल्या बायकांनीच केला. १९७२ साली शहाद्याच्या परिसरात श्रमिक संघटना उभी राहिली. तिच्या आधीपासून अंबरसिंग सुरतवंती हे भजने म्हणत गावोगाव फिरणारे कार्यकर्ते भिल्लांना त्यांच्या गेलेल्या जमिनींची जाणीव करून देत होते. चळवळ होती जमिनीसाठी आणि मजुरीसाठी. परंतु बायकांची शिबिरे भरू लागली, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न काढला तो दारूचा आणि माराचा. त्यांनी ठराव करून वाट पाहिली नाही. टोळ्यांनी जाऊन गुत्ते गाठले, मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना सर्वांसमक्ष जाब विचारला. विशेष हे की, त्याच सुमारास, १९७३ साली, महाराष्ट्र सरकारने देशी दारूचे नियम करून तिच्या विक्रीचा मार्ग प्रशस्त केला होता. एकीकडे बायका मडकी फोडीत होत्या आणि दुसरीकडे सरकार बाटल्यांना लेबले लावीत होते.

गुला महाराजांच्या आरतीला जमलेले लोक आणि शहाद्याच्या या बायका यांना जोडणारा धागा आम्हांला स्पष्ट दिसतो. दारू सोडणे आणि दारू काढून घेतली जाणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीने माणूस उंच होतो, दुसरीने तो फक्त लपून पितो.

नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाला १ जुलै १९९८ रोजी. त्याआधी दोन वर्षे, १९९६ साली, संसदेने ‘पेसा’ कायदा केला होता. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला मादक पदार्थांची विक्री व सेवन बंद करण्याचा किंवा त्यांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार त्याने दिला, आणि गौण वनोपजाची मालकीही दिली. म्हणजे मडके आणि फूल, दोन्ही कागदोपत्री गावाच्या हाती आले. महाराष्ट्राने या कायद्याचे नियम करावयास २०१४ साल उजाडू दिले, आणि मोहाच्या फुलांची वेचणी, वाहतूक व साठवण यांवरील निर्बंध उठवले ते २०२१ मध्ये. तोवर चैत्रात आठवड्याच्या हाटाला फुले मिळेल त्या भावाने व्यापाऱ्याला देऊन टाकावयाची आणि सणासुदीला तीच चढ्या दराने परत घ्यावयाची, असा उलटा व्यवहार चालत असे. घरी पोते ठेवण्याची भीती होती, व्यापाऱ्याच्या गोदामाला ती नव्हती.

आता मोहाला मान मिळू लागला आहे. गोव्यात २०१८ साली डेस्मंड नाझारेथ यांनी मोहाचे मद्य बाटलीत भरून बाजारात आणले. त्याच गोव्यात काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. नर्मदेपलीकडे, मध्य प्रदेशातील अलीराजपूर जिल्ह्यात, आदिवासी बचतगटांकडून गाळलेली मोहाची दारू ‘मोंड’ या नावाने सरकारी धोरणाखाली ‘वारसा मद्य’ म्हणून विकली जाते. ती महाग आहे. शहरातल्या मोठ्या हॉटेलांत ती कौतुकाने मागवली जाते असे ऐकतो. अलीकडच्या काठावर, आमच्या अक्राणीत, परवान्यावाचून तीच धार काढणे हा १९४९ च्या कायद्यान्वये आजही गुन्हा आहे. आणि मोहाच्या झाडांखाली टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणी आता फुले लाडवांसाठी, बियांचे तेल विकण्यासाठी नेतात. दारूसाठी किती द्यावयाची आणि मुळीच द्यावयाची की नाही, हे काही पाड्यांवर त्या आपापसांत ठरवू लागल्या आहेत.